घर उभे राहिल्यानंतरचे काम कोणाचे? ओंडकाघरे बांधणाऱ्या एका गटाचे प्रकरण

ग्राहकाच्या मागणीप्रमाणे ओंडक्यांची घरे बांधणाऱ्या कारागिरांचे काम बाहेरच्या माणसाला दिसते ते घर उभे राहीपर्यंतचे. सोललेले अजस्र ओंडके, त्यांत कोरलेल्या खाचा आणि क्रेनने थरावर थर चढत जाणारी भिंत, एवढेच छायाचित्रांत येते. येथे मांडलेले प्रकरण घर उभे राहिल्यानंतरच्या दीड वर्षाचे आहे, कारण या व्यवसायातील सर्वांत कमी मोबदल्याचे आणि सर्वाधिक गैरसमजांचे काम त्याच काळात पडते, असे माझे मत आहे. हे प्रकरण कोणत्याही एका विशिष्ट घराची नोंद नाही. उत्तर अमेरिकेतील हातघडणीच्या ओंडकाघरांच्या व्यवसायात पुन्हा पुन्हा उद्भवणारे प्रसंग एका गटाच्या कामात एकत्र गुंफून ते उभे केले आहे आणि म्हणून त्यात कोणाचे नाव नाही. मोजमापे आणि तांत्रिक कारणे मात्र प्रत्यक्ष बांधकामात असतात तशीच ठेवली आहेत.

कामाचे स्वरूप

गटात पाच जण होते. गटप्रमुख ग्राहकाशी बोलणी, नकाशे आणि हिशेब सांभाळून अर्धा दिवस स्वतः चेनसॉ चालवीत असे. दोन अनुभवी कारागीर आखणी व खाचकाम करीत, एक जण लोडर व क्रेन चालवीत असे आणि शिकाऊ मुलगी साल काढणे, ओंडके धुणे आणि कडा घासणे ही कामे करी. त्यांनी घेतलेले काम एका दुमजली घराच्या सांगाड्याचे होते. भिंती पूर्ण गोल ओंडक्यांच्या, लाकूड डग्लस फर या सूचिपर्णी झाडाचे, तेही ओले, म्हणजे न वाळवलेले. घर जिथे राहणार ती जागा यार्डापासून, म्हणजे गट ओंडके घडवतो त्या आवारापासून, शेकडो किलोमीटर दूर होती, म्हणून संपूर्ण सांगाडा आधी यार्डात उभा करायचा, प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक घालायचा, सांगाडा उतरवून ट्रकने न्यायचा आणि तिथे पायावर पुन्हा चढवायचा, अशी नेहमीची पद्धत ठरली.

या कामात शरीर किती झिजते, हे आधी सांगायला हवे. बारा मीटर लांब आणि सरासरी ३५ सेंटिमीटर व्यासाचा ओल्या डग्लस फरचा ओंडका सुमारे ७०० किलो भरतो. तो क्रेन उचलत असली तरी त्याला फिरवणे, टेकूवर बसवणे आणि लोखंडी आकड्यांनी जखडणे हे माणसालाच करावे लागते. चेनसॉ दिवसभर हातात राहिली की तिच्या कंपनांमुळे बोटांतील रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना इजा होते आणि वर्षानुवर्षांनी थंडीत बोटे पांढरी पडून बधिर होऊ लागतात. गटातील ज्येष्ठ कारागिराला हा त्रास होता. दुसऱ्याने आधीच्या यार्डात बरीच वर्षे वेस्टर्न रेड सीडरवर काम केलेले होते. त्या लाकडाच्या भुशातील प्लिकॅटिक आम्लामुळे कामगारांना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे, आणि या कारागिरालाही सीडर सोडून फर व स्प्रूसकडे वळावे लागले होते. अशा माणसांच्या कामाचा मोल-भाव करताना घराच्या चौरस फुटांचा हिशेब सगळे करतात, पण त्यांच्या हातात कामाची किती वर्षे उरली आहेत, हा हिशेब क्वचितच कोणी करते.

आखणीचे काम मात्र सुंदर असते. नवा ओंडका खालच्या ओंडक्यावर ठेवला की दोघांमध्ये वेडीवाकडी फट राहते, कारण झाड कधीच सरळ नळकांड्यासारखे वाढत नाही. बुडबुड्याची लेव्हल बसवलेल्या मोठ्या कंपासचे एक टोक खालच्या ओंडक्यावरून फिरते आणि दुसऱ्या टोकाची पेन्सिल वरच्या ओंडक्यावर नेमकी तीच रेघ उमटवते. खालच्या लाकडावर एखादी गाठ वर आलेली असेल, तर तिचा उंचवटा वरच्या रेघेत जसाच्या तसा उतरतो. मग त्या दोन रेघांच्या आतले लाकूड करवतीने व पटाशीने काढून टाकले, की वरचा ओंडका खालच्यावर एखाद्या झाकणासारखा बसतो. कोपऱ्यावर खोगिराच्या आकाराची खाच आणि मधल्या सर्व लांबीभर हा चर, अशी दोन प्रकारची बैठक प्रत्येक ओंडक्याला असते. आखताना लेव्हलचा बुडबुडा जरा हलला तरी रेघ चुकते, आणि चुकलेली रेघ कापून झाल्यावर त्या ओंडक्याला परतीचा मार्ग नसतो.

भिंत का बसते

भिंत बसते म्हणजे उभारल्यानंतर तिची उंची हळूहळू कमी होते. या प्रकरणाचे मूळ लाकडाच्या स्वभावात आहे, म्हणून तो थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे. लाकडातील ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागला की लाकूड आकसते, मात्र सर्व दिशांना सारखे नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. डग्लस फर ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत गाभ्यापासून सालीच्या दिशेने साधारण ४.८ टक्के आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ७.६ टक्के आकसते. घरात राहणी सुरू होऊन शेगडी किंवा हीटर चालू झाले की ओलावा हळूहळू दहा टक्क्यांच्या आसपास येतो. त्यात चरांच्या कडांवर वरच्या वजनाचा दाब पडून लाकूड किंचित चेपते आणि ओंडक्यांना भेगा पडून चर थोडे पसरतात. हे सर्व जमेस धरून ओल्या ओंडक्यांच्या भिंतीसाठी उंचीच्या ६ टक्के घट गृहीत धरण्याची या व्यवसायात रीत आहे. हस्तघडणीच्या ओंडकाबांधणीसाठी कारागिरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेल्या मानकांत हा आकडा आहे, आणि ओंडक्यांच्या बांधकामासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ‘आयसीसी ४००’ या मानकातही, ज्याची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली, भिंत बसण्याची तरतूद करणे बंधनकारक आहे.

या घराच्या तळमजल्याची ओंडक्यांची भिंत २.७ मीटर होती. सहा टक्क्यांनी हिशेब केला तर ती सुमारे १६ सेंटिमीटर खाली यायची, आणि बहुतेक उतार पहिल्या काही वर्षांत व्हायचा. एवढे खाली येणारे घर ही कल्पनाच साध्या घरात राहिलेल्या माणसाला पटत नाही. पण घरातल्या बाकीच्या गोष्टी खाली येत नाहीत: खिडकीची चौकट, दाराची चौकट, माजघरातले उभे खांब, दगडी चिमणी, उभ्या फळ्यांच्या आतल्या भिंती, जिना. म्हणून खिडकी-दाराच्या वर रिकामी जागा सोडायची. १.२ मीटरच्या खिडकीवर सुमारे ७ सेंटिमीटर, २.१ मीटरच्या दारावर जवळजवळ १३. त्या जागेत मऊ, दाबला जाणारा लोकरीसारखा भराव घालायचा आणि बाहेरून झाकणारी पट्टी फक्त वरच्या ओंडक्याला किंवा फक्त चौकटीला ठोकायची, दोन्हींना कधीही नाही. चौकट ओंडक्यांच्या टोकांना खिळ्यांनी न जोडता त्यात कोरलेल्या उभ्या खाचेतील पट्टीवर सरकती ठेवायची. उभ्या खांबांखाली स्क्रू-जॅक, म्हणजे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे आधार, बसवायचे आणि भिंत जसजशी बसेल तसतसे ते फिरवून खांब खाली घ्यायचे. चिमणीभोवतीचा पत्रा दोन भागांत असावा, एक छपराला आणि दुसरा चिमणीला, म्हणजे छप्पर खाली आले तरी पत्रा फाटत नाही.

गटाने यातले प्रत्येक काम व्यवस्थित केले होते. प्रत्येक थराच्या माथ्यावर, वरच्या ओंडक्याच्या चराने झाकला जाईल अशा जागी, लांबीभर करवतीचा एक खोल काप घेतला होता, म्हणजे मोठी भेग तिथेच पडावी आणि बाहेरच्या बाजूला पडून तिच्यात पावसाचे पाणी साठू नये. डावीकडे पिळलेल्या वाढीचे ओंडके वाळताना जास्त मुरडतात, म्हणून त्यांनी ते निवडून बाजूला काढले होते. एवढी काळजी घेणाऱ्या माणसांवर पुढे जे आरोप झाले, ते वाचताना हे लक्षात ठेवावे.

यार्डातून जागेवर

सांगाडा जागेवर चढवून छप्पर बसवून झाल्यावर गटाने काम घरमालकाच्या मुख्य कंत्राटदाराकडे सोपवले. पुढचे सुतारकाम, वीज, नळ, आतल्या भिंती आणि रंग हे सर्व त्या कंत्राटदाराच्या माणसांचे. गटप्रमुखाने नकाशांच्या गठ्ठ्यात एक पान जोडले होते. त्यावर कुठे किती जागा सोडली आहे आणि जॅक कधी फिरवायचे हे लिहिलेले होते. पहिल्या सुताराने ते पान वाचले, त्याला ते समजलेही, पण काम अर्धे झाल्यावर तो दुसऱ्या कामावर गेला. त्याच्या जागी आलेला सुतार चांगला कसबी होता, तरीही त्याने आयुष्यभर साध्या चौकटीची घरे बांधलेली होती, आणि त्याच्या हाती ते पान कधी आलेच नाही.

पैशाची रचना इथे महत्त्वाची आहे. करारानुसार गटाला पैसे चार टप्प्यांत मिळायचे: मागणी नोंदवताना, लाकूड आल्यावर, भिंती पूर्ण झाल्यावर आणि जागेवर उभारणी झाल्यावर. चौथा टप्पा मिळाला त्याच आठवड्यात यार्डात पुढच्या घराचे ओंडके उतरू लागले. यार्डात पाच माणसांचे पगार, क्रेनचे इंधन आणि लाकडाची आगाऊ रक्कम चालू असते आणि काम थांबले तरी खर्च थांबत नाही, त्यामुळे छोट्या गटाला एका घरावरून पुढच्यावर उडी घ्यावीच लागते. जॅक फिरवायला परत जाण्यासाठी करारात ना दिवस ठेवलेले होते, ना मजुरी. भिंत बसण्याची तरतूद केली आहे, असे त्यात एका ओळीत म्हटले होते. ती तरतूद चालू कोण ठेवणार, याबद्दल काहीच नव्हते.

दीड वर्षानंतर

दुसऱ्या हिवाळ्यात घरमालकीणबाईंचा फोन आला. दक्षिणेकडच्या दोन खिडक्यांपैकी एक उघडत नव्हती, भिंतीतून थंड वारा येत होता, वरच्या मजल्यावर झोपायच्या खोलीचे दार चौकटीत अडकत होते आणि छताच्या मधोमध फळ्यांचे जोड उघडले होते. त्यांचा स्पष्ट आरोप असा होता की गटाने अतिओले, निकृष्ट लाकूड दिले. त्यांच्या जागी कोणीही असते तरी असेच म्हणाले असते, कारण त्यांना समोर फक्त लाकूड आणि लाकडातली फट दिसत होती.

गटप्रमुख आणि ज्येष्ठ कारागीर गेले. त्यांनी आधी काहीही न उचकटता मोजमापे घेतली. दोन्ही खिडक्यांच्या मधल्या भागात ओंडक्यांचे आखूड तुकडे होते आणि खिडक्यांच्या वरून जाणारा ओंडका अखंड होता. त्या अखंड ओंडक्याच्या आणि त्याखालच्या आखूड तुकड्याच्या मध्ये आठ मिलिमीटरची फट पडली होती. पोलादी पट्टी आत सरळ सरकत होती आणि चरात भरलेली लोकर दिसत होती. बाकी सर्व थरांतले चर मात्र घट्ट होते. लाकूड निकृष्ट असते तर फटी सगळीकडे पडल्या असत्या. एकाच थरात फट पडते तेव्हा त्याच्या वरचा ओंडका कशावर तरी टेकून अडला आहे, असा अर्थ होतो. खिडकीची पट्टी काढल्यावर कारण सापडले: सुताराने पट्टी भक्कम बसावी म्हणून लांब खिळे चौकटीतून आणि वरच्या ओंडक्यातूनही ठोकले होते, आणि मोकळी जागा दिसल्यावर ती थंडी रोखण्यासाठी फुगून कडक होणाऱ्या फोमने गच्च भरली होती. आखूड तुकडे वाळून खाली गेले. वरच्या भिंतीचे आणि छपराचे वजन मात्र खिडकीच्या चौकटीवर अडकले. खिडकी उघडत नव्हती, कारण ती छप्पर उचलून धरत होती.

आतली गोष्ट याहून गंभीर होती. माथ्यावरच्या मुख्य तुळईला आधार देणारे दोन खांब जॅकवर उभे होते, पण त्यांच्या पायाभोवती सुशोभनासाठी दगडी पेटी बांधून जॅक पूर्ण झाकले गेले होते. कोणालाच ते फिरवता येत नव्हते आणि ते तिथे आहेत हेसुद्धा नव्या कंत्राटी माणसांना माहीत नव्हते. कोपऱ्यांकडच्या भिंती खाली येत होत्या, मधली तुळई मात्र जागची हलत नव्हती, त्यामुळे छपराचा उतार वाढत होता आणि वासे भिंतीवरच्या सरकत्या जोडांवरून ताणले जात होते. छताच्या फळ्यांचे जोड उघडण्याचे कारण हेच होते.

दुरुस्ती आणि खर्चाचा प्रश्न

दुरुस्तीचा क्रम ठरवण्यात ज्येष्ठ कारागिराचा अनुभव कामी आला. आधी जॅक खाली घ्यावेत की आधी खिडक्या मोकळ्या कराव्यात? खिडक्या आधी सोडवल्या असत्या तर भिंतीचा भाग एकदम खाली येऊन तुळई आणि भिंत यांतला फरक आणखी वाढला असता. जॅक एकदम सोडले असते तर अडकलेल्या चौकटींवर आणखी वजन पडले असते. म्हणून दोन्ही कामे थोडी थोडी, आलटून पालटून करायची ठरली. दगडी पेट्या फोडून जॅक उघडे केले. एका खांबाखालचा जॅक थोडासा खाली, मग दुसऱ्या खांबाखालचा तेवढाच, अशा क्रमाने, कारण एकच खांब जास्त खाली घेतला तर सगळा भार दुसऱ्यावर जातो. मध्ये मध्ये एकेका खिडकीच्या पट्ट्या काढून चौकट आणि ओंडका यांच्यामधले खिळे बारीक पात्याच्या करवतीने कापले आणि कडक फोम खरवडून काढला. शेवटचा खिळा तुटल्यावर अखंड ओंडका कुरकुरत खाली आला आणि आखूड तुकड्यावर पुन्हा बसला. दीड वर्षापूर्वी कंपासने आखलेली रेघ खालच्या लाकडाशी अजूनही जुळत होती. याहून मोठे प्रमाणपत्र त्या खाचकामाला कोणी देऊ शकले नसते.

खर्चाबाबत मात्र कोणाचेच समाधान झाले नाही. गटाचे म्हणणे होते की लाकूड आणि घडण दोन्ही निर्दोष आहेत, चूक नंतरच्या सुताराची. कंत्राटदाराचे म्हणणे होते की त्याच्या माणसाने कोणत्याही चांगल्या घरात असते तसेच काम केले, ओंडकाघराचे वेगळे नियम त्याला कोणी समजावले नाहीत. घरमालकीणबाईंचे म्हणणे होते की त्यांनी घर विकत घेतले होते, वाद नव्हे. अखेर दुरुस्तीची मजुरी गटाने सोसली, पट्ट्या आणि छताच्या फळ्यांचे काम कंत्राटदाराने केले आणि दगडी पेट्या पुन्हा बांधण्याचा खर्च मालकीणबाईंनी दिला, यावेळी उघडता येणाऱ्या झाकणासह.

माझ्या मते गटाने यात आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार उचलला, तरी तो पूर्णपणे निर्दोष होता असे म्हणता येणार नाही. भिंत कशी बसते हे ज्ञान फक्त त्यांच्याकडे होते, आणि त्यांनी ते एका कागदावर ठेवून दिले. ओंडकाघरे बांधणाऱ्यांमध्ये एक सवय आढळते, की आपल्या हातचे काम इतके उत्तम करायचे की त्याला समजावण्याची गरजच पडू नये. यार्डात ही सवय शोभून दिसते. बांधकामाच्या जागेवर तिचा तोटा होतो, कारण नंतर येणाऱ्या दहा जणांना चर आणि खाच दिसतात, खिडकीवरची रिकामी जागा मात्र अपुऱ्या कामासारखी भासते. सुताराने ती फोमने भरली ती आळसाने नाही, चांगल्या हेतूने. त्याला दोष देऊन सुटका करून घेणे सोपे आहे, पण पुढच्या घरात दुसरा सुतार तीच चूक करेल.

करारात काय बदलले

पुढच्या कामापासून गटाने कराराच्या रचनेत बदल केला. एकूण रकमेतील एक भाग उभारणीनंतर वेगळा राखून ठेवला जाऊ लागला आणि त्या बदल्यात पहिल्या काही वर्षांत ठराविक भेटी देऊन जॅक फिरवणे, पट्ट्या तपासणे आणि मोजमापे नोंदवणे ही कामे गटाची ठरली. सोपवणीच्या दिवशी कंत्राटदाराच्या सर्व सुतार, नळकारागीर आणि वीजकारागिरांना अर्धा दिवस घर फिरवून दाखवणे हा कामाचाच भाग मानून त्याची मजुरी लावली गेली. नळकारागिरासाठी हा दौरा विशेष उपयोगी ठरला, कारण वरच्या मजल्यावरून खाली येणारा सांडपाण्याचा पाइप मजल्याबरोबर खाली येतो आणि त्यात सरकता जोड नसेल तर तो एक तर फुटतो किंवा मजल्याला वर धरून ठेवतो. खिडकीवरच्या प्रत्येक मोकळ्या जागेत लाल अक्षरांत ‘येथे काहीही कडक भरू नये, दोन्ही बाजूंना खिळा ठोकू नये’ अशी पट्टी चिकटवली जाऊ लागली, आणि शिकाऊ मुलीकडे ती पट्टी लावण्याचे व तिचे छायाचित्र काढून ठेवण्याचे काम आले.

यातला सर्वांत उपयुक्त बदल साधा आहे. प्रत्येक कोपऱ्यात जमिनीपासून एका ठराविक उंचीवर ओंडक्यात पितळी खिळा ठोकून त्याची उंची उभारणीच्या दिवशी नोंदवली जाते. पुढच्या प्रत्येक भेटीत तीच उंची मोजली जाते. एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा कमी उतरला असेल, तर आत कुठेतरी काहीतरी अडले आहे हे फट दिसण्याआधीच कळते. घरमालकही टेप घेऊन हे मोजू शकतात, आणि काही जण उत्साहाने मोजतात.

राखीव रकमेबाबत ग्राहकांचा विरोध अजूनही होतो. स्वस्तात काम घेणारा दुसरा यार्ड भेटींसाठी वेगळे पैसे मागत नाही, हे कारण पुढे करून दोन ग्राहकांनी बोलणी मोडली. गटप्रमुखाने राखीव रक्कम कमी केली, पण भेटी करारातून काढल्या नाहीत. ज्येष्ठ कारागीर आता बोटांच्या त्रासामुळे दिवसभर चेनसॉ चालवू शकत नाही. या भेटींची जबाबदारी त्याच्याकडे आहे, त्यासाठी त्याला पूर्ण मजुरी मिळते आणि शिकाऊ मुलगी प्रत्येक भेटीत त्याच्याबरोबर जाते.